महेश्वरला लग्न टिपताना

महेश्वरपाशी नर्मदा जवळजवळ सरळ पश्चिमेला वाहते आणि अहिल्याबाईंचा किल्ला तिच्या उत्तर काठावर उभा आहे. इथलं लग्न कॅमेऱ्यात टिपायला निघालेल्या माणसाने बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पण एवढं त्याच्या डोक्यात पक्कं हवं. घाटाच्या पायऱ्या, त्यांवरच्या छत्र्या, तटबंदी आणि तटातून नदीवर डोकावणारे सज्जे या सगळ्यांचं तोंड दक्षिणेला, पाण्याकडे आहे. वसंतसंपाताच्या दिवसांत, म्हणजे २०-२१ मार्चच्या आगेमागे, सूर्य नेमका पूर्वेला उगवतो आणि नेमका पश्चिमेला मावळतो. त्यामुळे तेव्हा तो नदीच्या वरच्या अंगाने पाण्यातून वर आल्यासारखा दिसतो आणि खालच्या अंगाला पाण्यातच उतरतो. नदी आणि सूर्य एका रेषेत येण्याचे हे वर्षातले थोडे दिवस.

महेश्वर मध्य प्रदेशात, निमाडातल्या खरगोन जिल्ह्यात, इंदूरहून साधारण नव्वद किलोमीटरवर. अहिल्याबाई होळकरांनी आपला कारभार इथे आणला आणि १७९५ साली त्यांचं निधन होईपर्यंत होळकरशाहीची राजधानी इथेच राहिली. होळकर घराण्याने किल्ल्यातल्या राहत्या भागात पुढे हॉटेल सुरू केलं. इथे लग्नं होतात. इंदूरच्या जुन्या मराठी घरांतली, पुण्या-मुंबईची, आणि आता परदेशी स्थायिक झालेल्या मुलामुलींचीही. महाराष्ट्रातल्या चौंडीत जन्मलेल्या बाईंनी नर्मदेकाठी उभं केलेलं हे स्थान मराठी माणसाला परकं वाटत नाही. लग्नासाठी ते निवडण्यामागे ही ओढ असते आणि ती फोटोत यावी अशी अपेक्षाही असते. इथे छायाचित्रकाराचं काम अवघड होतं. किल्ला मागे दिसला म्हणून ती ओढ फोटोत येत नाही. त्या जागेचा उजेड, त्या वास्तूचं माप आणि त्या घटकेचा विधी या तिन्ही गोष्टी एका चौकटीत जुळाव्या लागतात.

आधी तारीख. वसंतात लग्न म्हटलं की आपण फुललेला पळस डोळ्यांसमोर आणतो. निमाडात फाल्गुनात पळस खरोखरच पेटलेला असतो. पण मालवा-निमाडात मुहूर्तांच्या हिशेबाने या ऋतूचे दोन तुकडे पडतात. सूर्य मीन राशीत असतो तो महिना, साधारण १४ मार्च ते १४ एप्रिल, तिकडे खरमास मानतात आणि त्यात लग्नं लावत नाहीत. त्यात होळीआधीचे आठ दिवस होलाष्टक म्हणून वगळले जातात. मराठी पंचांग होलाष्टकाचा फारसा विचार करत नाही, पण भटजी इंदूरचे, व्याही उज्जैनचे असले की दोन्हीकडचं सांभाळावं लागतं. मग लग्न एक तर मार्चच्या मध्याआधी निघतं, नाही तर एप्रिलच्या मध्यानंतर. अक्षय्य तृतीया या दुसऱ्या तुकड्यात येते आणि त्या दिवशी गावात वाजंत्रीवाला मिळणं मुश्कील होतं.

हे दोन तुकडे उजेडाच्या दृष्टीने इतके वेगळे आहेत की एकाचा अनुभव दुसऱ्यात उपयोगी पडत नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सूर्य अजून विषुववृत्ताच्या दक्षिणेला असतो. तो दिवसभर आकाशाच्या दक्षिण अर्ध्यातून जातो, म्हणून दक्षिणमुखी घाटावर सकाळपासून मावळतीपर्यंत ऊन असतं. संध्याकाळचं तिरपं ऊन दगडी कोरीवकामावरून सरपटत जातं. कमळांच्या पाकळ्या, हत्तींच्या सोंडा, कमानींच्या कडा अशा वेळी उठून दिसतात, कारण प्रत्येक उठावाची सावली शेजारच्या खोलगटात पडते. सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास.

एप्रिलच्या मध्यानंतर सूर्य उत्तरेला सरकलेला असतो. तो पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो, दुपारी दक्षिणेकडून डोक्यावर येतो आणि उतरताना पश्चिमेची रेषा ओलांडून पुन्हा उत्तरेच्या बाजूला जातो. ज्या क्षणी तो ही रेषा ओलांडतो, त्या क्षणी दक्षिणमुखी भिंतीवरचं ऊन संपतं. महेश्वरचा अक्षांश सव्वाबावीस अंशांच्या जवळपास आहे. त्यावरून हिशेब केला तर १४ एप्रिलच्या सुमारास ही वेळ दुपारी पाचच्या आत येते, महिनाअखेरीस पावणेचारच्या आसपास, आणि मेच्या मध्यावर तर पावणेतीनच्याही आत. सूर्यास्त मात्र पावणेसातच्या पुढे. तट आणि घाट अगदी काटेकोर दक्षिणेला तोंड करून नाहीत, म्हणून दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे होतात. पण तत्त्व हेच. मार्चमधले सोनेरी पायऱ्यांचे फोटो दाखवून कुणी एप्रिलअखेरच्या लग्नाचं काम घेतलं, तर सहा वाजता नवरा-नवरी निळसर सावलीत उभी असतील आणि सगळं ऊन समोरच्या दक्षिण काठावर पडलेलं असेल.

ही सावली वाईट असते असं अजिबात नाही. मला तर ती अधिक आवडते. निमाडात एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार जातो. उन्हात उभ्या माणसाचे डोळे मिटतात, कपाळावर घाम येतो, मुंडावळ्यांची सावली गालावर दोऱ्यासारखी पडते. तटाच्या सावलीत चेहरा मोकळा होतो, आणि समोर उघडं दक्षिण आकाश व रुंद नदी यांच्याकडून येणारा मऊ उजेड त्यावर पडतो. फक्त या उजेडाचा रंग ओळखावा लागतो. दुपारचं ऊन साधारण ५५०० केल्विनचं मानतात, आणि उघड्या आकाशाखालची सावली ७००० ते ८००० केल्विनपर्यंत निळी असते. कॅमेरा उन्हासाठी लावलेला राहिला तर हळदीचा पिवळा रंग मातकट होतो आणि कुंकू जांभळट दिसतं. हळद लागलेल्या नवरीच्या फोटोत पिवळा चुकला तर बाकी काहीही बरोबर असून उपयोग नाही.

मावळतीच्या उजेडाबद्दल परदेशी पुस्तकांनी आपली एक समजूत करून दिली आहे की तो तासभर टिकतो. लंडनसारख्या ठिकाणी सूर्य तिरपा, रेंगाळत उतरतो. मार्चमध्ये क्षितिजापासून सहा अंश उंचीवरून मावळायला त्याला तिथे जवळजवळ चाळीस मिनिटं लागतात आणि उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. महेश्वरच्या अक्षांशावर तो जवळजवळ सरळ खाली येतो, त्याच सहा अंशांना पंचवीस-सव्वीस मिनिटं पुरतात. त्यानंतरचा संधिप्रकाश वीस-बावीस मिनिटांचा. एवढ्या वेळात आत्या, मावशी, काका-काकू, कॉलेजचे मित्र आणि शेवटी नवरा-नवरी असा क्रम लावला तर नवरा-नवरीच्या वाट्याला अंधार येतो. नातेवाइकांचे समूहफोटो साडेपाचच्या आत सावलीत उरकावेत आणि ती पंचवीस मिनिटं फक्त दोघांसाठी राखून ठेवावीत. हे आधी घरातल्या कर्त्या माणसाशी बोलून ठरवलं तरच होतं. आयत्या वेळी फोटोग्राफरने मावशींना बाजूला व्हायला सांगणं बरं दिसत नाही.

पाणी उजेड कसा परत देतं हेही इथे उपयोगी पडतं. भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना, संथ पाणी फक्त दोन टक्क्यांच्या आसपास प्रकाश परावर्तित करतं, बाकीचा आत शिरतो. सूर्य क्षितिजापासून दहा अंशांवर आला की हेच प्रमाण एक तृतीयांशाच्या घरात जातं. म्हणून पश्चिमेकडे तोंड करून उभ्या माणसाला संध्याकाळी दोन सूर्य मिळतात, एक वरून आणि एक पाण्यातून. हनुवटीखालची, डोळ्यांखालची काळी सावली हा दुसरा सूर्य भरून काढतो. त्यासाठी चंदेरी रिफ्लेक्टर धरून उभ्या मदतनिसाची गरज नसते. उलट सज्ज्यातून खाली पाहताना पाण्यावरची झळाळी नको असेल तर पोलरायझर फिल्टर लावावा. पाण्याकडे साधारण सदतीस अंशांच्या उताराने पाहिलं तर तो झळाळी जवळजवळ पूर्ण खातो आणि पाण्याखालच्या दोन-तीन पायऱ्याही दिसू लागतात. जुन्या पायऱ्या नदीत कुठवर उतरत गेल्यात हे त्या फोटोत कळतं.

आता अंतरपाटाकडे येतो. नदीकाठी गोरज मुहूर्तावर लागणारं लग्न हा या सगळ्याचा कस आहे. गोरज म्हणजे मावळतीची वेळ, आणि वधू-वर पूर्व-पश्चिम समोरासमोर उभे असतात. कोण कुठल्या बाजूला हे घरच्या रिवाजावर आणि भटजींवर सोडावं. छायाचित्रकाराने फक्त लक्षात घ्यायचं की दोघांमधल्या एकाचा चेहरा मावळतीकडे आहे आणि दुसऱ्याची पाठ. मधे पांढरं कापड. मंगलाष्टकं चालू असताना हे कापड दोन कामं करत असतं. पश्चिमेकडे तोंड असलेल्याच्या चेहऱ्यावर येणारं ऊन ते गाळून मऊ करतं. ज्याच्या पाठीमागे सूर्य आहे, त्याच्या चेहऱ्यावर तेच कापड उजेड परत टाकतं. म्हणजे अंतरपाट धरलेला असेपर्यंत दोन्ही चेहरे बऱ्यापैकी सारख्या उजेडात असतात. ‘सावधान’ म्हणत भटजींनी तो बाजूला केला की त्याच क्षणी एका चेहऱ्यावर लाल ऊन थेट पडतं आणि दुसऱ्या चेहऱ्यासमोरचा पांढरा पडदा नाहीसा झाल्याने तो झपकन काळवंडतो. सगळ्या लग्नातला सर्वांत महत्त्वाचा निमिष आणि सर्वांत मोठा प्रकाशबदल एकाच वेळी. कॅमेरा स्वयंचलित मोजणीवर सोडला तर तो त्या क्षणी गोंधळतो. मोजणी आधीच हाताने पक्की करावी, उजळ चेहऱ्याला धरून. रॉ फाइलमध्ये सावलीतला चेहरा नंतर बराच वर आणता येतो. उडून पांढरा झालेला गाल कधीच परत येत नाही.

हे सगळं घडायला ऊन तिथवर पोचलं पाहिजे. लग्नात जोडप्यामागे मामा उभे असतात, करवली असते, आणि मोबाइल वर धरलेल्या पाहुण्यांची रांग असते. ही रांग पश्चिमेला उभी राहिली तर ऊन संपलं. तेव्हा मांडव घालतानाच पश्चिमेची बाजू मोकळी ठेवायला सांगावं आणि खुर्च्या उत्तर-पूर्वेला मांडाव्यात. एप्रिलमध्ये हे तटाच्या वरच्या अंगणात किंवा गच्चीवर करावं लागतं, कारण खाली घाटावर ऊन नसतंच. मांडववाल्याशी सकाळी दहा मिनिटं बोललं तर संध्याकाळचे फोटो वाचतात.

उभं कुठे राहायचं? अंतरपाटाच्या कडेला, म्हणजे उत्तरेला किंवा दक्षिणेला. उत्तरेला उभं राहिलं तर दोघांच्या बाजूच्या आकृत्या आणि मागे नदी मिळते. दक्षिणेला उभं राहिलं तर मागे वास्तू येते. दोन फोटोग्राफर असतील तर दोन्ही घ्यावं. एकटाच असेल तर मी उत्तरेची बाजू सांगेन. नदीमागचा पश्चिम-दक्षिणेकडचा आकाशाचा रंग त्या दहा मिनिटांत जसा बदलतो तसा भिंतीचा बदलत नाही.

आणि अक्षता. हवेत उडवलेला तांदळाचा दाणा अर्धा मीटर खाली येईपर्यंत सेकंदाला सुमारे तीन मीटर वेग घेतो. शटर १/६० ठेवलं तर तेवढ्या वेळात तो पाच सेंटिमीटर सरकतो आणि फोटोत पांढरी रेघ उमटते. १/१००० ला तो तीन मिलिमीटर सरकतो, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या निम्मा, आणि दाणा दाणा म्हणून दिसतो. सगळे दाणे गोठवले तर फोटो स्वच्छ येतो, पण अक्षतांचा पाऊस थांबल्यासारखा वाटतो. १/२५० च्या आसपास दाण्याला सेंटिमीटरभर शेपूट येतं, चेहरे मात्र तीक्ष्ण राहतात. माझ्या मते अक्षतांचा खरा फोटो तोच. मावळतीकडे तोंड करून घेतला तर प्रत्येक दाण्याच्या कडेवर ऊन लागतं आणि कुंकवाने रंगलेला तांदूळ लालसर पेटतो. होमाचा धूरही असाच दिशेप्रमाणे रंग बदलतो. गडद भिंतीपुढे तो निळसर दिसतो आणि उजळ आकाशापुढे तपकिरी. धुराचे बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात म्हणून असं होतं. सप्तपदीच्या वेळी मागे गडद खांब ठेवावेत हे यातूनच ठरतं.

महेश्वरचा राजवाडा हे नाव ऐकून येणारा फोटोग्राफर एक चूक हमखास करतो. तो सर्वांत रुंद लेन्स काढतो. चौदा किंवा सोळा मिलिमीटरच्या लेन्समध्ये छोटा चौक दरबारासारखा पसरतो, लाकडी खांब बाहेरच्या बाजूला झुकतात आणि कौलारू ओसरी महालाची होते. वास्तविक अहिल्याबाईंचं हे राहतं घर म्हणजे एक वाडा आहे: मधे चौक, भोवती ओसरी, बारीक लाकडी खांब, उतरतं छप्पर. ज्या बाईंनी काशीपासून सोमनाथापर्यंत मंदिरं आणि घाट बांधले, त्यांनी स्वतःसाठी एवढंच ठेवलं. त्या साधेपणाला फुगवणं म्हणजे त्या जागेविषयी खोटं बोलणं. पस्तीस किंवा पन्नास मिलिमीटरच्या लेन्सने, डोळ्याच्या उंचीवरून घेतलेल्या फोटोत माणसं आणि खांब यांचं खरं नातं राहतं. नवरी ओसरीच्या कडेला, चौकाकडे तोंड करून बसवावी. वरून आत येणारा चौकातला उजेड आधी फरशीवर आपटतो आणि मग मऊ होऊन चेहऱ्यावर येतो. ओसरीत दोन पावलं आत गेलं की तो निम्म्याहून कमी होतो, चार पावलांवर डोळे खोल आणि काळे दिसायला लागतात. फूट-दीड फुटाचा फरक इथे दिव्यांच्या पेटीपेक्षा जास्त काम करतो.

होळकर घराण्याचं आणि कॅमेऱ्याचं नातं जुनं आहे, आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्याने ते माहीत करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. एकोणिसाव्या शतकातले भारताचे सर्वांत नामवंत छायाचित्रकार राजा दीनदयाळ इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते. १८७४ च्या सुमारास त्यांनी तिथेच कॅमेरा हातात घेतला आणि दुसरे तुकोजीराव होळकर यांनी त्यांना उत्तेजन दिलं. पुढे मध्य भारतातल्या वास्तूंचे त्यांनी घेतलेले फोटो पाहिले की एक गोष्ट जाणवते. वास्तूसमोर माणूस उभा असतो तो केवळ माप दाखवायला नाही. तो तिथला असतो, त्याचं तिथे काही काम असतं. नंतर १९३० च्या सुमारास दुसरे यशवंतराव होळकर आणि कागलच्या घाटगे घराण्यातल्या संयोगिताराजे यांचे फोटो पॅरिसमध्ये राहणाऱ्या मान रे या अमेरिकी कलावंताने घेतले. एका संस्थानाचे राजा-राणी त्यांत एकमेकांना टेकून, हसत, मोकळेपणाने बसलेले दिसतात. रत्नजडित आसन नाही, ताठ मान नाही. तरीही दोघांचा रुबाब कुठे कमी होत नाही. आजच्या जोडप्यांना हातात हात घेऊन क्षितिजाकडे बघायला लावण्याआधी हे फोटो एकदा पाहावेत. दोघं आपसांत काही बोलत असताना घेतलेला फोटो शिकवून उभ्या केलेल्या दहा फोटोंना भारी पडतो.

कापडाचं सांगायला हवं, कारण महेश्वरच्या लग्नात महेश्वरी साडी असतेच, निदान मानपानात तरी. अहिल्याबाईंनी विणकर इथे वसवले असं परंपरा सांगते. विसाव्या शतकात ही कला मागे पडली होती, तिला सत्तरच्या दशकाच्या अखेरीस होळकर कुटुंबाच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ‘रेवा’ संस्थेने पुन्हा बळ दिलं. या साडीच्या काठांवर किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडातली नक्षी उतरली आहे: लहर, चटई, विटा, फूल. नर्मदेच्या लाटांचा काठ नेसलेली बाई त्याच नदीच्या पायरीवर बसली तर काठ आणि पाणी एका चौकटीत यावेत एवढी संधी फोटोग्राफरने सोडू नये. पदर पाण्याकडे घ्यायला सांगितलं तरी पुरे.

पण ही साडी कॅमेऱ्याला त्रास देते. सुती-रेशमी विणीतल्या बारीक रेघा आणि चौकडी सेन्सरवरच्या बिंदूंच्या जाळीशी जवळपास जुळल्या की दोन जाळ्या एकमेकींवर पडतात आणि कापडावर इंद्रधनुषी नागमोडी पट्टे उमटतात. याला मॉयरे म्हणतात. डोळ्याला ते दिसत नाहीत, कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावरही कधी चटकन कळत नाहीत, घरी मोठ्या पडद्यावर उघडलं की हिरवे-जांभळे पट्टे समोर. नंतर ते काढता येतात, पण त्याबरोबर कापडाचा पोतही जातो. त्यावर सोपा उपाय आहे. दोन पावलं पुढे किंवा मागे व्हावं. त्याने रेघांचं सेन्सरवरचं माप बदलतं आणि पट्टे जातात. तेवढी जागा नसेल तर अॅपर्चर एफ ११ च्या पुढे न्यावं. विवर्तनाने तीक्ष्णता किंचित उतरते आणि जाळीचा संघर्ष मिटतो. शंका आली की त्याच पोजचा एक फोटो जास्तीचा, वेगळ्या अंतरावरून घेऊन ठेवावा. पैठणीत हा त्रास कमी, तिथे जर चमकून पांढरी पडते. जरीसाठी उजेड समोरून नको, बाजूने हवा.

त्वचेच्या रंगाविषयी मी ठाम आहे. आपल्याकडच्या अल्बमांत अजूनही नवरीला दोन छटा गोरं करून दिलं जातं, बहुतेकदा कुणी न सांगता. गव्हाळ आणि सावळ्या वर्णावर संध्याकाळचं ऊन जे तेज आणतं ते गोरेपणाच्या सफेतीत धुऊन जातं. तिची आई, आजी, मावशी शेजारी उभ्या असताना ती एकटीच वेगळ्या घरातली वाटू लागते. प्रकाशाची मोजणी तिच्या खऱ्या गालावर करावी आणि छपाईच्या वेळी तोच गाल समोर ठेवावा.

घाट लग्नघराच्या मालकीचा नाही, हे सगळ्यांनी लक्षात ठेवायला हवं. पहाटेपासून तिथे स्नानाला लोक येतात, कपडे धुतले जातात, कोळ्यांच्या नावा लागतात. नर्मदा परिक्रमेला निघालेले पांढऱ्या वस्त्रातले परिक्रमावासी त्या पायऱ्यांवर विसावतात. किल्ल्यात रोज लिंगार्चन होतं. ब्राह्मण मातीची इवलीशी शिवलिंगं फळ्यांवर मांडून पूजा करतात आणि मग ती नर्मदेत विसर्जित करतात. या सगळ्यांना बाजूला करून रिकामा घाट मिळवण्याचा हट्ट मला पटत नाही. रिकामा घाट सिनेमात शोभतो. लग्नात पायरीवर बसलेल्या आजीबाईंनी नव्या जोडप्याकडे मान वळवून पाहिलं, तर त्या पाहण्याने फोटो त्या गावाचा होतो. फक्त स्नान करणाऱ्या स्त्रियांकडे लेन्स वळू नये आणि जवळून कुणाचा चेहरा घ्यायचा तर आधी विचारावं. मंदिरांच्या गाभाऱ्यात परवानगीशिवाय कॅमेरा उघडू नये.

पाण्याच्या पातळीची चौकशीही त्याच दिवशी करावी. वरच्या अंगाला ओंकारेश्वर आणि इंदिरा सागर ही धरणं आहेत आणि तिथून सोडलेल्या पाण्यानुसार घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात किंवा बुडतात. सकाळी कोरडी असलेली पायरी संध्याकाळी ओली आणि शेवाळलेली असू शकते. शालू नेसलेल्या मुलीला त्या पायरीवर उतरवण्याआधी फोटोग्राफरने स्वतः पाय ठेवून पाहावा. नाववाल्याला विचारलं की तो नेमकं सांगतो, आणि त्याची नावही घ्यावी. पाण्यातून मागे वळून पाहिल्याशिवाय घाट, छत्र्या आणि तट एकसंध दिसत नाहीत. वरात नावेतून आणली तर दुसऱ्या नावेतून टिपावी. नाव डुलते म्हणून शटर १/५०० च्या खाली नको, आणि नदीच्या मधोमध असलेलं बाणेश्वराचं छोटं देऊळ मागे येईल असा कोन नाववाल्याशी आधीच बोलून ठेवावा. ड्रोनचा विचार असेल तर २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालकाचं प्रमाणपत्र, यंत्राची नोंदणी आणि त्या जागेचा विभाग हे सगळं आधी तपासावं. हरित विभागातही १२० मीटरची मर्यादा आहे. मंगलाष्टकांच्या वेळी डोक्यावर घोंघावणारा ड्रोन मात्र परवानगी असूनही उडवू नये.

अंधार पडला की समस्या बदलते. मांडवातले स्वस्त एलईडी दिवे आपल्याकडच्या ५० हर्ट्‌झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण १/१०० पेक्षा वेगवान शटरला फोटोवर काळे आडवे पट्टे येतात. तेव्हा १/१०० किंवा १/५० वर राहावं आणि हलत्या नाचणाऱ्यांसाठी फ्लॅश जोडावा. यांत्रिक शटर वापरावं, निःशब्द शटरमध्ये हे पट्टे आणखी वाढतात. नवरीने नदीत द्रोणातला दिवा सोडला तर फ्लॅश बंद. दिव्याची ज्योत १९०० केल्विनच्या आसपास असते. कॅमेऱ्याने ती पांढरी करू नये म्हणून रंगमापन हाताने ३००० च्या जवळ ठेवावं. चेहरा केशरी दिसतो, तसाच दिसू द्यावा.

काम संपल्यावरच्या दोन गोष्टी. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याचा असतो. फोटोग्राफरला ते आपल्या कामाचे नमुने म्हणून दाखवायचे असतील तर करारात तसं स्पष्ट लिहून घ्यावं, आणि कुटुंबानेही सही करण्याआधी ते वाचावं. दुसरी गोष्ट नावांची. अल्बमात नवरा-नवरी ओळखू येतात, पण पायऱ्यांवरच्या समूहफोटोतल्या तिसऱ्या रांगेतली आत्या कोण, हे वीस वर्षांनी कुणालाच सांगता येत नाही. फाइल देताना प्रत्येक समूहफोटोच्या माहितीत डावीकडून उजवीकडे नावं, तारीख आणि ‘महेश्वर, अहिल्या घाट’ एवढं भरून द्यावं. कुटुंबाकडून नावं घेण्याची वेळ लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात, पाहुणे परतण्याआधी. दोन हार्ड डिस्क एकाच कपाटात ठेवण्यापेक्षा एक इंदूरला मुलीच्या माहेरी आणि एक पुण्याला सासरी ठेवावी.